चुंबकाची परीक्षा

"अहो, कठडा पुसताय की त्याला न्हाऊ घालताय?"

होआनकाकांचा हात थांबला नाही. अर्धं लिंबू आणि दात घासायची पेस्ट घेऊन ते पायऱ्यांच्या कठड्यावर उकिडवे बसले होते. वरच्या पायरीवर मेनबाई, एक हात कमरेवर.

"खारं वारं लागतं गं. पुसलेलं बरं."

"आठवडाभर रोज? माझे गुडघे एवढे चोळले असतेत तर कठडा लागलाच नसता मला."

काका हसले, पण अंगाने असे सरकले की नळ्यांचा जोड तिला दिसू नये. त्यावर सांडलेल्या चहासारखे तपकिरी ठिपके काल चार होते, आज नऊ झाले होते. कठड्याला अजून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

मेनबाई वाळूवर वाळत घातलेली मासळी उलटायला दिवसातून चारदा या पायऱ्या उतरायच्या. पावसाळ्यात एकदा घसरल्या, तेव्हा काकांनी नळ्या आणल्या, भिंतीला भोकं पाडली आणि कठडा स्वतः बसवला. गवंडी नाही, वेल्डर नाही. फान थियेतच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोंदवही सांभाळलेला माणूस. मिठाने आणि पाण्याने किती लोखंड खाल्लं ते त्यांनी पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर जुन्या स्पीकरमधलं चुंबक मासेमारीच्या दोऱ्यात ओवून त्यांनी गळ्यात घातलं, आणि गल्लीला एक तज्ज्ञ मिळाला. चुंबक चिकटलं तर माल खोटा, घसरलं तर खरं स्टील, कधी गंजायचं नाही. कपडे वाळवायची दांडी घ्यायची असो की पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढचं कुंपण, गल्ली आधी काकांना दुकानात न्यायची. काका मोबदला घ्यायचे नाहीत. बर्फ घातलेली एक कॉफी, आणि "काकांनी बघितलंय" हे वाक्य चारचौघांत तीनदा ऐकू यावं, एवढंच. अशी अकरा घरं झाली होती. ती त्यांना पाठ होती.

बारावं घर समोरच्या थ्वीताईचं. वरच्या मजल्यावर, समुद्राच्या अंगाला, तिला गॅलरी करायची होती. नात दोन वर्षांची, हाताला लागेल त्याला लोंबकळणारी. आज दुपारी नळ्या येणार होत्या आणि काकांनी बघायच्या होत्या.

काकांनी पेस्ट धुतली, सायकल काढली आणि तडक न्हानबाईच्या स्टीलच्या दुकानात गेले.

"कसला माल दिलास गं मला? दोन महिन्यांत गंज!"

न्हानबाईने वही बाजूला ठेवली. "दोनशे एक नंबरचा, काका. तुम्हीच उचललात."

"चुंबक लावून घेतलाय मी!"

"चुंबक दोनशे एकलाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. गावातल्या स्वयंपाकघरात चालतं ते, समुद्रावर नाही. मी सांगत होते, तीनशे चार घ्या, आणि दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

काकांना आठवत होतं. पण ती काही सोडणारी नव्हती.

"म्हणालात, 'पोरी, मी गंज बघत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस.' तीनशे चारच्या वाकवलेल्या जागी तुमचं चुंबक जरासं ओढलं गेलं, म्हणून खोटा माल म्हणून फेकलात माझ्या अंगावर. वाकवलं की तेवढं ओढतंच ते. गिऱ्हाइकांसमोर लबाड म्हणालात मला."

तिने ड्रॉवरमधून बोटाएवढी बाटली काढली, स्टीलच्या दोन तुकड्यांवर एकेक थेंब सोडला. तीनशे चारवरचा करडाच राहिला. दोनशे एकवरचा बघता बघता विटेसारखा लाल झाला.

"घेऊन जा," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. काकांना ते अधिक लागलं.

परतताना त्यांनी दोनदा सायकल थांबवली. एकदा वाटलं, ताप आल्याचं सांगून झोपून राहावं. एकदा वाटलं, थ्वी काही विचारणार नाही, आपणही बोलू नये. ती अकरा घरं पाण्यापासून जरा आत, गंजायला वर्ष लागेल, वर्षात काय काय होतं. मग ती लोंबकळणारी पोर डोळ्यांसमोर आली.

थ्वीताईच्या अंगणात गल्ली आधीच जमली होती. वेल्डर लूक नळ्यांशेजारी विडी ओढत उभा होता.

"आले परीक्षक!" तो म्हणाला. "बघा बाबा, होड्यांच्या कारखान्यातून आणल्यात."

कुणीतरी काकांच्या गळ्यातलं चुंबक ओढून नळीच्या वळणावर धरलं. ते हलकेच चिकटलं.

"चिकटलं!" थ्वीताई ओरडली. "लूक, लाज नाही वाटत? माझ्या नातीचा जीव आहे या कठड्यावर! काका, तुम्हीच सांगा याला. परत ने म्हणावं, त्या न्हानच्या दुकानातलाच माल आण, काकांच्यासारखा."

सगळे काकांकडे बघत होते. चौथ्या घरचा तर लूकच्या गचांडीला हात घालायला पुढे सरकला होता.

"हाच ठेव," काका म्हणाले.

"काय?"

"हाच माल चांगला आहे. माझा वाईट आहे." त्यांनी बाटली काढली. एक थेंब लूकच्या नळीवर टाकला. तो करडाच राहिला. मग रस्ता ओलांडून आपल्या कठड्यापाशी गेले. गल्ली मागोमाग आली. थेंब पडला, आणि लाल झाला.

चौथ्या घरचा म्हणाला, "म्हणजे आमचा जिना?"

"तुझाही असेल. चल, बघू."

"आणि न्हानला तुम्ही लबाड म्हणाला होता ना हो, आमच्यादेखत?"

"म्हणालो होतो. चूक माझी. तिला सांगून येतो उद्या."

लूक मोठ्याने हसला. थ्वीताईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

संध्याकाळपर्यंत काका अकरा घरं फिरले. नऊ ठिकाणी लाल. दोन घरांनी चहा विचारला, एकीने दार अर्धंच उघडलं. मेनबाईंनी रात्री भात वाढला आणि एवढंच म्हणाल्या, "गंजला तरी तुमचाच आहे कठडा. मी धरीन. पण जोड नवे घाला."

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत मोटारसायकल सुरू झाली. सहाव्या घरची जोडी पाण्याची टाकी आणायला निघाली होती. बाजारात जायचं तर मागची सीट नेहमी काकांची. काकांनी घाईने शर्ट चढवला, चपला घातल्या, उंबऱ्याशी उभे राहिले. गाडी दारासमोर आली, जरा मंद झाली, आणि नवऱ्याने मान लववून गाडी पुढे काढली. मागे त्याची बायको बसली होती.

"कुठे निघालात?" आतून मेनबाईंनी विचारलं.

"कुठे नाही."

शर्टाचं वरचं एक बटण राहिलं होतं. उंबऱ्यात उभं राहून काकांनी तेही लावलं.