तौनोच्या वाट्याचं औषध

रौनी तशी सरळ बाई. फिनलंडच्या उत्तरेला नदीकाठच्या इस्पितळात परिचारिका म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं, पण कामात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या आठवड्यात यकृताचा तुकडा काढलेले दोन म्हातारे शेजारशेजारच्या खोल्यांत होते. एक तौनो, नदीवर मासे धरणारा. मागेपुढे कुणी नाही. दुसरा ओस्मो, म्हणजे रौनीचे दाजीच. दोघांनीही औषधाच्या चाचणीला होकार दिला होता. उरलेल्या यकृताला जपणारं औषध एकाला, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या पिशवीत काय, हे डॉक्टरलाही ठाऊक नसायचं.

पण नाकाला कोण फसवणार? नळी जोडताना तौनोच्या पिशवीतून सडक्या अंड्यासारखा वास आला. हिवाळ्यात खोकला झाला की इथे घरोघरी पेल्यात फेसाळणारी गोळी टाकतात, तिचाच हा वास. रौनी तो लहानपणापासून ओळखत होती. दाजींच्या पिशवीला कसलाच वास नव्हता.

बाहेर तिची बहीण केर्तू बसली होती. सकाळीच म्हणाली होती, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं." झालं! रौनीने पिशव्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि वासाची पिशवी दाजींना लावली. खोकल्याचं तर औषध, त्याने काय वाईट व्हायचंय, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तौनोच्या डोळ्याला डोळा मात्र देववेना.

मग दाजी बरळू लागले. खोलीत रेनडिअर शिरलंय म्हणून नळ्या उपटायला निघाले. डॉक्टर हानेलेने चाचणीचं गुपित फोडून घेतलं, तर त्यांच्या नावावर मिठाचं पाणी निघालं. म्हणजे औषधाचा दोष नाही, आत काहीतरी गळतंय, पोट पुन्हा उघडायला हवं, असं तिने सांगितलं.

रौनी गप्प बसली तर तिची नोकरी वाचत होती, पण दाजींच्या ओल्या जखमेवर पुन्हा सुरी फिरणार होती.

"थांब, हानेले," ती म्हणाली. "औषध त्यांनाच मिळालंय. पिशव्या मी बदलल्या."

हानेलेने आवाज चढवला नाही, तेच रौनीला जास्त झोंबलं. पिशवी काढली, शस्त्रक्रिया थांबवली, आणि दुसऱ्या सकाळी दाजी शुद्धीवर येऊन कॉफी मागू लागले. केर्तू बहिणीला एवढंच म्हणाली, "चोरी कर म्हणाले होते का मी?"

रौनीला घरी बसायला सांगितलं. जाण्याआधी तौनोला तूच सांग, असं हानेलेने बजावलं.

तौनो ठणठणीत होता, कॉफीचा कप घेऊन खिडकीशी बसला होता. रौनीने काही न लपवता सगळं सांगितलं. तो पोट धरून, टाके सांभाळत हसला. माझं खूळ बिचाऱ्या ओस्मोने भोगलं की, म्हणाला. रौनीला क्षणभर हायसं वाटलं.

मग त्याने कप खाली ठेवला. "पण बदललंस तेव्हा ते औषध चांगलंच आहे, असं वाटत होतं ना तुला?"

"हो."

"मग हसलो ते चुकलंच माझं," तौनो म्हणाला, आणि नदीकडे तोंड करून बसला.