चुली किती?

मोजणीवाली बाई आल्यापासून गावात सगळ्यांची वयं कमी झाली होती आणि मिळकत त्याहून कमी. किराणावाल्याने तर गळ्यातली सोनसाखळी शर्टाच्या आत सारत "कसंबसं भागतं" म्हणून सांगितलं. गावात माणसं किती आणि कमावतात किती, एवढंच बाईला टिपायचं होतं. चार गल्ल्यांचं गाव, त्यात लपवणार काय, असं म्हणून मी हसत होते. ती आमच्या दारात आली आणि माझं हसू पळालं.

"एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब," ती म्हणाली. "इथे कुटुंबं किती?"

"दोन," मी जरा जास्तच जोरात म्हणाले.

म्हणायला दोनच. माझा नवरा सुतार, दीरही सुतार. करवतीच्या यंत्रावरून भावाभावांत वाजलं आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. तीन वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. पण धाकट्या जावेचं काळीज कमजोर. शेगडीपुढे उभी राहिली की तिला धाप लागते. म्हणून दोन्हीकडचा स्वयंपाक मीच करते, तिच्यापुरतं मीठ घालायच्या आधी काढून ठेवते आणि मागच्या दाराने पातेली पलीकडे पोचवते. नवऱ्यांना पत्ता नाही, अशी आमची समजूत.

तिची औषधं दवाखान्यातून फुकट मिळतात, कारण दिराची एकट्याची मिळकत मर्यादेत बसते. दोघा भावांची एकत्र धरली की औषधं बंद. विकत घ्यायची आमची ऐपत नाही. आणि स्पष्टच सांगते, ती नसेल तर हे घर मला नको.

आमच्याकडचं लिहून होईपर्यंत नवरा तांब्याने पाणी पीत होता. "भाजीत मीठ नव्हतं बाई, मिठात भाजी होती," तो तिला म्हणाला. मी मेलीने आजच दोनदा मीठ घातलं होतं.

बाई पलीकडे गेली. मी तिच्या मागोमाग. तिने धाकटीच्या शेगडीची कळ फिरवली. काहीच नाही. बर्नरवर बोट फिरवलं आणि ते आम्हाला दाखवलं.

"सिलिंडर कालच संपला," मी म्हणाले.

"धूळही कालचीच का?"

धाकटी भिंतीला टेकली. तिच्या ओठांचा रंग उतरला होता. तेवढ्यात हत्यारांची पिशवी घेऊन दीर दारात आला.

"दुपारी घरी जेवलात ना?" बाईने त्याला विचारलं. "भाजी कशी होती?"

खारट म्हणाला की संपलं. याला खोटं बोलणं जन्मात जमलेलं नाही, यंत्रावरून भावाशी भांडणसुद्धा याच्या तोंडावर खरं बोलण्यानेच पेटलं होतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण तो माझ्याकडे बघेल तर ना! तो बायकोकडे बघत होता. भिंतीपलीकडे चाललेला रंधा थांबला.

"अळणी," दीर म्हणाला.

"अळणी?"

"हिला मीठ बंद आहे. स्वतःसारखंच मलाही खायला घालते."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. हा मिठाबद्दलच खोटं बोलून जागला.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि कागदावर दोन लिहिलं. "सिलिंडर तेवढा भरून घ्या," उठताना ती म्हणाली. "तपासणीला दुसरं कोणी आलं, तर ते भाजीची चव विचारत बसणार नाही."

ती गेली. धाकटी मटकन खाली बसली, मी तिची पाठ चोळत राहिले. दिराने पिशवी खाली ठेवली, घटाघटा पेला रिकामा केला आणि दुसरा भरला.

भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. "अजून पी. फार खारट होती."

दिराचा हात तिथेच थांबला. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "तीन वर्षांत वहिनीचा हात आज पहिल्यांदाच चुकला, दादा."