झाकणावरचे दोन ठोके

वहिनींनी काचेला नाक लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. काच दोन हात जाड होती, पिवळसर, तुपकट.

"घाबरू नका वहिनी, इकडे काही येत नाही," ऑपरेटर हसला.

नवरा जाऊन वर्ष झालं होतं. सव्वीस वर्षं तो याच खिडकीपाशी उभा राहिला, आणि घरी विचारलं की म्हणायचा, "भांडी घासतो." आज कारखान्याने घरच्यांना आत बोलावलं, तर वहिनी फाटक उघडायच्या आधीच हजर. तो नक्की काय करायचा, एवढं एकदा कळायला हवं होतं. माणूस गेला तरी ते कोडं काही त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं.

"अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन इथे येतं," ऑपरेटर सांगू लागला. "तुकडे करायचे, आम्लात विरघळवायचे, त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायचं. त्याचं पुन्हा इंधन होतं. काचेपलीकडच्या बाटलीत त्या विरघळवलेल्या इंधनाचाच नमुना आहे."

"म्हणजे शिळ्याचं ताजं."

"अगदी!"

त्याने वरून आलेल्या दांड्यांच्या मुठी धरल्या. काचेपलीकडे दोन पोलादी हात हलले. त्यांनी बाटली उचलली, झाकण बसवलं, आणि झाकणावर दोनदा ठोकलं. आवाज काही आला नाही. वहिनींची पर्स मात्र खांद्यावरून घसरली.

"हे ठोकलंत कशाला?"

"झाकण बसलं का ते इथून नीट दिसत नाही, ऐकूही येत नाही. ठोकलं की मुठीत हिसका येतो, त्यावरून कळतं. पुस्तकात नाही हे. मास्तरांनी शिकवलं. आता आम्ही सगळेच करतो."

मास्तर म्हणजे वहिनींचा नवरा.

साखरेचा डबा असो की खोकल्याच्या औषधाची बाटली, घरी त्याचे दोन ठोके ठरलेले. वहिनींचं डोकं उठायचं. "बसलंय ते! पुरे आता!" दवाखान्यात शेवटच्या दिवशी पाण्याच्या बाटलीवरूनही त्या तेच खेकसल्या होत्या. आता त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

"मला एकदा करू द्याल?"

शेजारच्या खोलीत सरावाचे हात होते, बाटलीत साधं पाणी. वहिनींनी मुठी धरल्या. झाकण दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. त्यांनी ठोकलं. एक. दोन. तळहाताला बारीकसा हिसका बसला.

"बसलंय वहिनी," ऑपरेटर म्हणाला. "पुरे आता."

वहिनींनी आणखी एकदा ठोकलं.