सातव्या तिळाची दोन छायाचित्रे

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, त्वचारोग विभागाच्या त्या लहानशा खोलीत कोणतीही वस्तू आपली जागा सोडीत नसे. जमिनीवर पांढऱ्या रंगाने दोन पावले रेखलेली होती. रुग्णाने त्यांवरच उभे राहायचे. कॅमेऱ्याच्या तिवईला एक सुती दोरी बांधलेली होती. तिच्या टोकाची गाठ पाठीला जेमतेम टेकली, की अंतर नेमके साधले असे समजायचे. कॅमेऱ्याची फोकस जुळवणारी चकती चुकूनही फिरू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती, आणि अकरा वर्षांत ती खरोखरच फिरली नव्हती. या व्यवस्थेचे कर्ते म्हणजे विभागाचे वयोवृद्ध छायाचित्रकार. सारे रुग्णालय त्यांना फोटोकाका म्हणे. पाहणारा बदलला नाही, तरच पाहिलेले बदलले की नाही हे सांगता येते, अशी त्यांची साधी श्रद्धा होती.

विभागाला नवा कॅमेरा मंजूर झाला होता. विक्रेत्याने तो तीन दिवस वापरून पाहण्यासाठी दिला होता आणि शनिवारी दुपारपर्यंत होकार वा नकार कळवायचा होता. डॉक्टरबाईंनी निर्णय काकांवर सोपवला होता. स्वतःचे मत मात्र झाकून ठेवले नव्हते.

“काका, त्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला आता पेन्शनीत काढा.”

“काढू की. त्याच्यामागोमाग माझाही अर्ज येईल, तेवढा मंजूर करा.”

“तुमचा अर्ज मी फाडून टाकणार. पण निदान एकदा नवा लावून तर बघा!”

म्हणून शुक्रवारी सकाळी काकांनी जुना कॅमेरा उतरवला आणि नवा तिवईवर चढवला. त्या दिवशी पहिली पाळी मास्तरीणबाईंची होती. त्या शाळेत भूगोल शिकवीत. त्यांच्या पाठीवर एकतीस तीळ होते आणि प्रत्येकाला काकांनी क्रमांक दिलेला होता. बाईंची आई पाठीवरच्या अशाच एका तिळात उद्भवलेल्या कर्करोगाने गेली होती. तेव्हापासून त्या दर सहा महिन्यांनी न चुकता येत.

“माझ्या पाठीचा नकाशा तुम्हालाच ठाऊक, काका,” पावलांवर उभ्या राहत त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांना विचाराल तर दोनावर अडतील.”

“त्यांनी तुम्हाला समोरूनच पाहिलंय. तुमच्या पाठीमागे जायची हिंमत कुणाची?”

बाई हसल्या. “हलू नका,” काका म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

वरच्या खोलीत बाई आणि काकांसमोर डॉक्टरबाईंनी मागचे आणि आजचे छायाचित्र पडद्यावर शेजारी-शेजारी मांडले. त्यांची बोटे सातव्या तिळापाशी थांबली. डाव्या खांद्याखालचा तो तीळ आजवर गोल होता. आज त्याच्या कडेला केसासारखी बारीक, तपकिरी शेपटी दिसत होती.

“हे पूर्वी नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली. “आईचं अस्संच सुरू झालं होतं.”

काकांना आपली चूक तत्क्षणी उमगली. फरक तिळाचा की कॅमेऱ्याचा हे कळायला, नवा कॅमेरा लावताना त्याच दिवशी जुन्यानेही छायाचित्र घ्यायला हवे होते. अकरा वर्षे इतरांना शिस्त शिकवणारा माणूस नेमका येथे गाफील राहिला होता.

“अर्धा तास द्या,” ते म्हणाले.

बाई पुन्हा खाली आल्या. जुना कॅमेरा तिवईवर चढला, दोरीची गाठ पाठीला टेकली. ते छायाचित्र पडद्यावर आले, तेव्हा सातवा तीळ मागच्यासारखाच गोल होता.

“मग झालं तर!” बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. “तुमचा जुनाच खरा. नव्याला काय कळतंय माझ्या पाठीतलं?”

जुन्या कॅमेऱ्याची बाजू घ्यायला याहून सोयीचा क्षण पुन्हा मिळाला नसता. परंतु काकांनी तीळ मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला. जेथे शेपटी असायला हवी, तेथे करड्या ठिपक्यांची नुसती धूसर गर्दी होती. जुन्या छायाचित्रांतही, अगदी पहिल्यापर्यंत, तेथे तीच गर्दी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, शेपटी नाही, असं हा म्हणत नाही. त्याला एवढं बारीक दिसतच नाही. ती अकरा वर्षांपासून असेल, नाहीतर कालची असेल. दोघांपैकी एकालाही ते सांगता यायचं नाही.”

डॉक्टरबाईंनी दोन मार्ग सांगितले: तीन महिने थांबून नव्या कॅमेऱ्याने पुन्हा पाहायचे, किंवा तीळ काढून तपासायचा.

“तीन महिने मला झोप लागेल का?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “काढा तो.”

शनिवारी काकांनी होकाराच्या कागदावर सही केली आणि खाली एक अट लिहिली: जुना कॅमेरा एक वर्ष खोलीतच राहील आणि प्रत्येक रुग्णाचे छायाचित्र दोन्हींनी घेतले जाईल.

“काम दुप्पट होईल, काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमचे गुडघे?”

“नवे गुडघे अजून कुणी मंजूर केलेले नाहीत. चालवून घेऊ.”

तीळ काढल्यावर दोन आठवड्यांनी मास्तरीणबाई टाके काढायला आल्या, तेव्हा अहवाल आलेला होता. तीळ साधा होता. भिण्याजोगे काही नव्हते. टाके निघाल्यावर त्या आपणहून तळमजल्यावर उतरल्या.

“म्हणजे उगाचच कापून घेतलं का हो मी?”

“अहवाल हाती आल्यावर तसं वाटतं खरं,” काका म्हणाले. “त्या दिवशी खुर्चीत बसल्या-बसल्या ते कुणाला ठाऊक होतं?”

बाईंनी मान हलवली आणि पांढऱ्या पावलांवर जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांनी आधी जुन्याने छायाचित्र घेतले. मग नवा कॅमेरा चढवून, गाठ पुन्हा टेकवून त्याने घेतले. नंतर नोंदवही उघडून ते सातव्या ओळीत काहीतरी लिहू लागले.

“आता आठव्याला सातवा करणार?” वळून पाहत बाईंनी विचारले.

“छे! आठवा तो आठवाच. सातव्याच्या जागी व्रण लिहिलाय. सहा महिन्यांनी त्याच्याकडेही बघायचं आहे.”

“दोन्हींनी?”

“दोन्हींनी. आणि आता हलू नका, नव्याचं जरा हललंय, पुन्हा घेतो.”