नांगरटीचा ट्रॅक्टर

कुसळी गवत हिरवं असतं तोवर मेंढराला गोड. एकदा तुरा पिकला की त्याचं कुसळ लोकरीत शिरतं, लोकरीतून कातड्यात, आणि कोकराच्या डोळ्यात गेलं तर डोळाच नेतं. म्हणून मेंढपाळ बाळासोचे वाडवडील पाऊस सरताच कळप घेऊन माण तालुका सोडून कोकणाकडं जायचे. यंदा त्याच्या बायकोच्या, बयाबाईच्या गुडघ्यांनी चालायचं नाव टाकलं होतं. चालणं संपलं तर कळप संपला.

मग दोघांनी ठरवलं. तुरा पिकायच्या आत सगळा माळ कापायचा, गवत वाळवून गंजी रचायची, आणि मेंढरं घरीच राखायची. साताऱ्याहून ट्रॅक्टरला जोडून गवत कापायचा जुना मोवर आणला. लोखंडी झाकण, खाली गरगर फिरणारी पाती. आता तो चालवायला जुना ट्रॅक्टर तेवढा हवा होता.

तो बघायला ते सांगलीजवळ नानासोंच्या दारात आले. नानासो फौजेतून आलेले ऊसबागायतदार, जुने ट्रॅक्टर घेऊन विकायचे. अंगणात दोन उभे होते. एक निळा, खांद्याएवढ्या चाकांचा. दुसरा लाल, पत्रा गंजलेला, दिवा फुटका.

"काय कामाला पायजे, पावणं?" नानासोंनी विचारलं.

कट्ट्यावर ऊसवाले चहा पीत बसले होते. त्यांची नजर बाळासोच्या खांद्यावरच्या घोंगडीवर होती. मेंढक्याला ट्रॅक्टर, आणि तोही गवत कापायला! हसतील सगळे, असं बाळासोला वाटलं.

"नांगरटीला," तो म्हणाला.

बयाबाईनं कोपर लावलं. "आवं, खरं सांगा की."

"तू गप गं. तुला टॅक्टरातलं काय कळतंय?"

"नांगरटीला मग निळाच," नानासो म्हणाले. "लय ताकद. लाल वढायला कच्चा हाय."

"मेंढरं बी बसवून न्या त्याच्यावर!" कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. बाळासोही हसला.

निळाच घेऊन दोघं गावी परतले. माळ उताराचा. गवत छातीला लागत होतं. निळा शिरला तसा पात्यांचा घुमारा उठला आणि बयाबाईनं नकळत हात जोडले. पण दाट गवतात बाळासोनं वेग कमी करायला क्लच दाबला, की पातीही मंदावून थांबत आणि गवताचा बोळा होऊन बसे. ब्रेक मारावा, तर फिरत्या पात्यांचा जोर ट्रॅक्टरलाच पुढं ढकली. दुसऱ्या दिवशी पुढची चाकं बांधाबाहेर लोंबकळली. बयाबाईची किंकाळी ओढ्यापार गेली.

बाळासोनं नानासोंना फोन लावला. या खेपेला खरं सांगितलं.

नानासो म्हणाले, "गड्या, निळ्याला एकच क्लच. दाबला की पातं बी थांबनार. गवताला दुहेरी लागतो, गाडी थांबली तरी पातं फिरत ऱ्हानारा. त्या लालला होता की."

"मग त्योच द्या. बदलून."

"गेला त्यो मिरजंला. आवं, तवाच बोलला असता तर मी काय हसलो असतो व्हय?"

बाळासोनं फोन ठेवला. त्यानं विळा घेतला. बयाबाई बसूनबसून कापू लागली. दोघांचे दोन विळे आणि एवढा माळ. वारा सुटला, तुरे पिवळे झाले. एका सकाळी मांडीवरच्या कोकराच्या डोळ्यातलं कुसळ नखानं काढता काढता ती पुटपुटली,

"माळाच्या गवताला, सोन्याचा गं तुरा
माझ्या कोकराच्या, डोळ्यामंदी सुरा."

कोकरानं तो डोळा पुन्हा उघडला नाही.

त्या आठवड्यात बाळासोचा भाचा जयराज आला. सगळा कळप तो आपल्या कळपात घालून कोकणाकडं नेणार होता, कायमचा. बयाबाई दारातच बसून राहिली. मेंढरं वाटेला लागली, तशी एक म्हातारी मेंढी अडली. सवयीनं बाळासोनं "हुर्र, हुर्र" केलं.

अख्खा कळप जागीच थांबला. मग वळला आणि धूळ उडवत त्याच्याकडं येऊ लागला.

"मामा, तुमी गप ऱ्हावा," जयराज काकुळतीनं म्हणाला. "तुमचा आवाज ऐकला की ती फिरत्यात."

बाळासोनं पटक्याचा शेमला तोंडात धरला. जयराजनं कळप पुन्हा हाकला. बारीक होत जाणाऱ्या धुळीकडं बघत बाळासो तसाच उभा राहिला, शेमला दातांत घट्ट धरून.