फलाटावरचा वळसा

सन चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी बदली येडशी स्टेशनावर झाली आणि तिकिटांच्या खिडकीतून बाहेर बघत बसण्याची मला खोड लागली. मुरमाचा फलाट, पलीकडे ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्या, रूळ आल्यावर उभी राहिलेली दहा-बारा दुकानांची पेठ. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी आठवड्याभरात एक गोष्ट खटकू लागली. पाठीवर पोतं घेतलेले हमाल फलाटावरच्या कडुनिंबापाशी आले की सरळ न जाता चांगला मोठा वळसा घालून पुढं जात. तिथं खड्डा नव्हता, दगड नव्हता. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याचा शिपाई, रामलिंगाच्या देवळाला निघालेल्या बाया, भटकी कुत्रीसुद्धा तशीच वळून जात.

हमालांच्या मुकादमाला, बब्रुवानला, मी हटकलं.

"वळसा? न्हाय मास्तर, आमी तर सरळच जातो की," तो म्हणाला, आणि वळसा घालूनच निघून गेला.

माझं डोकंच फिरलं. चहावाल्या बानूबाईंनी मात्र सांगितलं, "रूळ आले तवा आमच्या सासऱ्याची विहीर बुजवली तिथं. लई खोल व्हती. पर ह्यातला एकबी हमाल तवा जन्मला नव्हता."

मग मला स्वस्थता अशी राहिलीच नाही. बुजवलेल्या विहिरीला काय भ्यायचं, असं स्वतःला बजावून मी रोज दुपारी तिथून सरळ जायचं ठरवी, आणि पलीकडे पोचल्यावर बघावं तर धुळीत माझ्याच वहाणांचे ठसे गोल वळून आलेले असत. त्याची मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटे.

त्याच सुमारास माझी बायको, महादेवी, लातूरहून संसार मांडायला यायची होती. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि मी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. तिला या जागेचं काहीच ठाऊक नव्हतं. ती सरळ चालत आली की सगळा भ्रम मिटेल, असा विचार माझ्या मनात आला. तो यायला नको होता.

दुपारची गाडी आली. पुढं होऊन तिची ट्रंक घ्यायची सोडून मी कडुनिंबाच्या अलीकडेच उभा राहिलो आणि हाक मारली, "सरळ ये. अशी सरळ माझ्याकडं ये."

ती हसली, पदर सावरला आणि सरळ आली. काही झालं नाही. तिचा हात हातात घेतला तेव्हा मला हसूच फुटलं.

"सगळे काय बघतायत हो?" तिनं विचारलं.

हमालांनी पोती टाकली होती. कडुनिंबापाशी गोल उभे राहून, वाकून, ते खाली मुरमाकडं बघत होते. बानूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. बब्रुवान दोर घेऊन धावत आला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं न बघता दोराचं एक टोक त्यानं माझ्या हातात कोंबलं.

"धरा मास्तर, तुमच्या बाईंचा आवाज येतुया अजून खालनं."

महादेवीनं माझा दुसरा हात घट्ट धरला.

"अहो," ती म्हणाली, "कोण पडलं?"