खिडकीपाशी ठेवलेलं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. उंच, बिनपाठीचं आणि एका पायाने जरासं लंगडं. सुताराने मला शिलाईच्या कारखान्यातल्या कापायच्या टेबलासाठी बनवलं. पण तिथल्या कटरताई उभ्यानेच कापड कापत. त्यामुळे वर्षानुवर्षं माझ्यावर चिंध्याच बसल्या. कौतुक कसलं, कुणी धड पुसतही नसे.

मग ताईंना कॅन्सर झाला. अर्धे उपचार झाल्यावर त्या डोक्याला रुमाल बांधून कामावर आल्या, तेव्हा सगळ्यांना गलबलून आलं. कारखाना चालवणाऱ्या मास्तरांनी स्वतः मला पुसलं, वर गादी बांधली आणि टेबलापासून दूर, खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

"इथे निवांत बसा. कात्रीला हात लावायचा नाही."

"अहो मास्तर, बसून कापेन की! सकाळी असतो हातात जोर."

"काही नको. आम्ही काय मेलोय का?" काजं करणाऱ्या मावशी लटक्या रागाने म्हणाल्या.

माझं भाग्य उजळलं, असं मला वाटलं. ताई इतक्या वाळल्या होत्या की त्यांचं वजन जाणवतसुद्धा नसे. त्या दिवसभर टेबलाकडे बघत. कुणी चहा आणून देई, कुणी पाणी. काम मात्र कुणी देईना. कापड वाकडं कापलं गेलं तरी त्यांना विचारत नसत, उगाच त्रास नको म्हणून.

एके दिवशी त्या मला टेबलाकडे ओढू लागल्या. माझा लंगडा पाय फरशीच्या फटीत अडकला. सगळे धावले आणि त्यांना धरून पुन्हा खिडकीपाशी बसवलं. मला त्या पायाची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ताई आल्या नाहीत.

मावशी त्यांना भेटून आल्या. "घरी बसून उशांचे अभ्रे कापतायत. म्हणाल्या, तिथे आता माझं काय काम?"

मास्तर लगेच उठले. त्यांनी मला उचलून टेबलापाशी ठेवलं आणि ताईंना निरोप धाडला. पण तोवर दुखणं बळावलं होतं. ताई पुन्हा आल्या नाहीत. त्या गेल्याचं कळलं, त्या दिवशी टेबलावर कात्री चालली नाही.

परवा इस्त्रीवाले काका तसलेच उपचार घेऊन परतले. मास्तरांनी मला उचललं, घसा खाकरला आणि विचारलं, "काका, कुठे ठेवू?"

मित्रांनो, आजारातून आलेल्या माणसाला बसायला जरूर द्या. पण कुठे, ते आधी त्यालाच विचारा. ताईंना तेवढंच विचारायचं राहून गेलं.